वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतलं विम्याचं भांडण आणि सीमाभागातलं कार्ड

या अंकासाठी आलेल्या पत्रांत अमेरिकेतल्या आरोग्यविम्याबद्दलची पत्रं सगळ्यात जास्त निघाली. मुलं तिकडे नोकरीला, आईवडील इकडे आणि टीव्हीवर घडीघडीला ‘ओबामाकेअर’, तेव्हा हे होणारच होतं. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे. डॉलरचे आकडे दरवर्षी बदलतात, म्हणून गरज आहे तिथे सालही दिलं आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत आहे. २०१० साली झालेल्या कायद्यावर अजून भांडण चालूच. त्यापायी २०२५ मध्ये तिथल्या सरकारचं कामकाजसुद्धा बंद पडलं म्हणे. एवढं आहे तरी काय त्यात?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

आजारी माणसाचा खर्च धडधाकट माणसांनी किती उचलायचा, आणि त्यांनी तो उचलावा म्हणून सरकारने दंड लावायचा की पदरचे पैसे घालायचे, यावरचं हे भांडण आहे. बाकी घोषणा.

२०१० च्या आधी स्वतःच्या खिशातून विमा घेणाऱ्याला कंपनी आधी प्रकृती विचारायची. मधुमेह आहे, कॅन्सर होऊन गेलाय, बाई गरोदर आहे, असं काहीही निघालं तर बहुतेक राज्यांत अर्ज सरळ नाकारता येत असे, नाहीतर नेमका तोच आजार वगळून पॉलिसी हातात ठेवत. ओबामांनी २३ मार्च २०१० ला सही केलेल्या अफोर्डेबल केअर ॲक्टने (टीव्हीवरचं ‘ओबामाकेअर’ ते हेच) २०१४ पासून हे बंद केलं. आता हप्ता ठरतो तो वय, राहण्याचं ठिकाण, तंबाखूचं व्यसन आणि पॉलिसीत माणसं किती यांवर. म्हाताऱ्याचा हप्ता तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

पण एवढंच करून थांबलं असतं तर गाडा लवकरच रुतला असता. आजारी पडल्यावरही विमा मिळणार हे ठाऊक असेल तर तिशीतला पैलवान आधीपासून हप्ता कशाला भरेल? तो बाहेर राहतो, यादीत आजारीच उरतात, हप्ता चढतो, मग त्यातले जरा बरे असलेलेही निघून जातात. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या दशकात हाच अनुभव घेतला होता. म्हणून कायद्यात आणखी दोन गोष्टी घातल्या : विमा न घेणाऱ्याला दंड, आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाला हप्त्यात सरकारी सूट. ही मांडणी काही डेमोक्रॅट पक्षाची खास नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली मिट रॉम्नी या रिपब्लिकन गव्हर्नरांनीच ती राबवली होती. तरी २०१० ला प्रतिनिधिगृहात कायदा २१९ विरुद्ध २१२ ने कसाबसा पास झाला, आणि त्या २१९ मध्ये रिपब्लिकन एकही नव्हता.

दंडावर पहिला हल्ला झाला. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो ‘कर’ म्हणून वाचवला. २८ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कायद्याची मुख्य कलमं काढण्याचा प्रस्ताव सेनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ ने पडला. रिपब्लिकन जॉन मॅकेन यांनी अंगठा खाली करून आपल्याच पक्षाविरुद्ध मत दिलं, ते दृश्य तुम्ही पाहिलं असेल. त्याच वर्षअखेरीच्या करकायद्याने मात्र दंड शून्यावर आणला, २०१९ पासून. आता सगळं कोसळणार असं भल्याभल्यांनी सांगितलं होतं. कोसळलं नाही. कारण सूट घेणाऱ्याचा हप्ता त्याच्या मिळकतीच्या ठरावीक टक्क्यांशी बांधलेला असतो. मूळ हप्ता वाढला तरी वरचा फरक सरकार भरतं, त्यामुळे त्याला पळून जायचं कारण उरत नाही. म्हणजे गर्जना दंडावर झाल्या, पण भार सगळा हप्त्यातल्या सुटीवर होता.

२०२५ चं भांडण या सुटीचंच. मूळ कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपट मिळकतीवर सूट एकदम बंद होई. कोविडच्या काळात, २०२१ मध्ये, ही मर्यादा उठवली आणि कोणालाही ठरावीक दर्जाच्या पॉलिसीसाठी मिळकतीच्या साडेआठ टक्क्यांपेक्षा जास्त हप्ता पडू नये असं केलं. २०२२ च्या कायद्याने त्याची मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली. ती पुढे चालू ठेवा, त्याशिवाय खर्चाला मंजुरी नाही, असं डेमोक्रॅट म्हणाले. त्यातून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ पर्यंत सरकारी कामकाज ठप्प झालं. इतकं लांबलेलं बंद त्या देशात आधी कधी झालं नव्हतं. बंद संपला, मुदतवाढ मिळाली नाही, आणि ३१ डिसेंबरला वाढीव सूट संपली.

याचा फटका कुणाला, ते हिशेबानेच कळेल. २०२६ च्या पॉलिसीसाठी दोघांच्या कुटुंबाची चौपट मर्यादा ८४,६०० डॉलर. साठीतलं जोडपं, स्वतःचं दुकान, मिळकत ८५,००० डॉलर. २०२५ च्या नियमाने त्यांना वर्षाला जास्तीत जास्त ७,२२५ डॉलर पडले असते. आता मर्यादेच्या वर फक्त ४०० डॉलर गेले म्हणून सूट शून्य, आणि त्या वयाच्या दोघांचा पूर्ण हप्ता कित्येक ठिकाणी २०,००० डॉलरच्या पुढे जातो. म्हणून तिथले हिशेबनीस असल्या गिऱ्हाइकाला निवृत्तीच्या खात्यात जास्त पैसे भरून करपात्र मिळकत मर्यादेखाली आणायला सांगतात.

रिपब्लिकन म्हणतात, साथीपुरती आणलेली सवलत कायमची का करायची? ती कायम केली तर दहा वर्षांत साधारण ३५० अब्ज डॉलर लागतील, हा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा आकडा. शिवाय पैसा विमा कंपन्यांच्या हाती जातो. डेमोक्रॅट म्हणतात, सूट काढली की तरुण आधी बाहेर पडतील आणि उरलेल्यांचा हप्ता आणखी चढेल. आम्हाला दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या वाटतात. पण सूट ही आहे ती किंमत फेडते, किंमत उतरवत नाही, आणि किंमतीबद्दल दोघेही जपून बोलतात. देशाच्या उत्पन्नातले १७ ते १८ टक्के आरोग्यावर जातात, तो पैसा शेवटी कुणाच्या तरी मिळकतीतच जमा होत असतो.

प्रश्न : विमा म्हणजे एक प्रकारची भिशीच की! मग कंपनीला मध्ये घ्यायचंच कशाला?
— एक वाचक, चिकोडी

भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो आणि भरलेले पैसे परत मिळतात. विम्यात बहुतेकांचा नंबर लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते, आणि ज्याचा लागतो त्याला भरल्याच्या कितीतरी पट जातं. मधल्या कंपनीने किती ठेवून घ्यायचं याला मात्र २०१० च्या कायद्याने मर्यादा घातली. लहान गटांच्या आणि वैयक्तिक पॉलिसीत हप्त्याच्या किमान ८० टक्के, मोठ्या गटांत ८५ टक्के रक्कम उपचारांवर आणि त्यांचा दर्जा सुधारण्यावर खर्च झाली पाहिजे. कमी झाली तर फरक गिऱ्हाइकांना परत करावा लागतो. यात एक गोम आहे. नफा टक्क्यांत बांधला की एकूण बिल मोठं होण्यात कंपनीचंही नुकसान नसतं.

प्रश्न : तिकडे विमा नोकरीला का बांधलेला? जावयाची नोकरी गेली तर घरच्यांच्या औषधपाण्याचं काय?
— एक वाचक, निपाणी

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, पगारवाढीवर बंदी आली. कामगार टिकवायचा तर वरून काहीतरी द्यायचं, म्हणून मालकांनी विमा दिला, आणि त्यावर कर लागला नाही. १९५४ च्या करसंहितेने ही सवलत पक्की केली. तेव्हापासून ती काढायचं धाडस कोणी करत नाही. २०२४ मध्ये नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता साडेपंचवीस हजार डॉलरच्या आसपास होता. कामगाराच्या पगारातून त्यातले सुमारे ६,३०० कापले जायचे, उरलेले मालक भरायचा. नोकरी गेल्यावर पूर्ण आकडा अंगावर येतो, तोवर तो कुणाला दिसतच नाही.

नोकरी गेली की त्याच दिवशी मनुष्यबळ खात्याला विचारायचं : विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे? काही ठिकाणी तो शेवटच्या दिवशीच संपतो, काही ठिकाणी महिनाअखेरीला. त्यानंतर दोन वाटा. एक ‘कोब्रा’, म्हणजे तोच जुना विमा पूर्ण हप्ता अधिक दोन टक्के भरून साधारणपणे १८ महिने चालू ठेवणं. कंपनीत २० किंवा अधिक माणसं असतील तर हा हक्क मिळतो. निवड कळवायला ६० दिवस असतात आणि निवडल्यावर विमा मागल्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे काहीजण मुद्दाम वाट बघतात. त्यात धोका एवढाच की मध्ये दवाखाना लागला तर मागचे सगळे हप्ते एकदम भरावे लागतात. दुसरी वाट सरकारी विमाबाजारातली पॉलिसी, म्हणजे वर सांगितलेली, स्वतः विकत घ्यायची आणि हप्त्यात सूट मिळणारी. तिथेही नोकरी गेल्यापासून ६० दिवस. ते चुकले तर १ नोव्हेंबरला नोंदणी उघडेपर्यंत थांबायचं.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला नवी नोकरी शोधायलाही ६० दिवसच मिळतात, दोन्ही घड्याळं बरोबर चालतात. त्यात जुलै २०२५ च्या कायद्याने आणखी एक पाचर मारली आहे. जानेवारी २०२७ पासून विमाबाजारातली सूट ग्रीनकार्डधारक आणि नागरिक सोडता जवळजवळ कोणालाच नाही, एच-वन-बी आणि विद्यार्थी व्हिसावाले त्यातून वगळले. विमा विकत घेता येईल, सूट मिळणार नाही. जावयाला हे आजच कळवा.

प्रश्न : आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी लेकीकडे टेक्सासला जाणार. मी ७२, मंडळी ६८. दोघांना बीपी, मला शुगर. कुठला विमा घ्यायचा?
— एक वाचक, खानापूर

वर सांगितलेला कायदा पर्यटकाला लागू नाही. तुमच्यासाठी ‘व्हिजिटर इन्शुरन्स’ हा वेगळाच प्रकार आहे आणि त्यात जुना आजार वगळलेला असतो.

त्याच्या दोन जाती. ‘फिक्स्ड बेनिफिट’ पॉलिसी स्वस्त. तिच्यात प्रत्येक सेवेला ठरलेली रक्कम मिळते आणि बिल कितीही येवो, वरचं तुमच्या खिशातून. फसगत होते ती बहुतेक इथेच. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ पॉलिसीत आधी ठरावीक रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, तुम्ही भरता. त्यानंतर बहुधा पहिल्या ५,००० डॉलरचे ८० टक्के आणि पुढे कमाल मर्यादेपर्यंत पूर्ण बिल कंपनी देते. महाग पडली तरी हीच घ्या. डिडक्टिबल २५० किंवा ५०० ठेवलं तर हप्ता आवाक्यात येतो.

पॉलिसीच्या कागदात ‘ॲक्यूट ऑनसेट ऑफ प्री-एक्झिस्टिंग कंडिशन’ हे शब्द आहेत का ते शोधा. जुन्या बीपीमुळे अचानक झटका आला तर त्याचा खर्च या कलमातून मिळतो. अट अशी की लक्षण अचानक, पूर्वसूचनेशिवाय आलेलं हवं आणि बहुधा २४ तासांत उपचार घेतलेले हवेत. ‘दोन दिवस छातीत जडजड वाटत होतं’ असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं की दावा अडकतो. खोटं सांगा असं नाही, दोन दिवस थांबू नका. पुष्कळ पॉलिसींत हे कलम सत्तरीपर्यंतच असतं आणि सत्तरीनंतर कमाल मर्यादाही घटते. तेव्हा तुमची आणि मंडळींची पॉलिसी वेगवेगळी बघा, एकाच कागदावर दोघांना घालू नका. नेहमीची तपासणी, शुगरच्या गोळ्या, दात यांना पैसे मिळत नाहीत.

औषधं मूळ पाकिटात न्यावीत. तिथला सर्वसाधारण नियम स्वतःपुरता ९० दिवसांचा साठा असा आहे. बेळगावच्या डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ रासायनिक नावांसह इंग्रजीत चिठ्ठी घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडनावं तिथे कोणाला कळत नाहीत. पुढच्या तीन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरची एक भेट आणि औषधं यांचा खर्च आधीच हिशेबात धरा.

ताप, जुलाब, पाय मुरगळणं यांसाठी ‘अर्जंट केअर’मध्ये जायचं. इमर्जन्सी रूमचं बिल त्याच्या कित्येक पट येतं. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं असेल तर मात्र पैशाचा विचार न करता ९११ हा तातडीचा नंबर फिरवा. १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सी विभाग असलेल्या जवळजवळ सगळ्याच हॉस्पिटलांना, ऐपत न बघता, आलेल्याला तपासून स्थिर करावं लागतं. उपचार अडत नाहीत, बिल मागून घरी येतं. आलं की लगेच कार्डाने भरून टाकू नका. आधी बाबनिहाय बिल मागा, घेतलेच नाहीत ते उपचार त्यात नाहीत ना हे लेकीला बघायला सांगा. हॉस्पिटल विनानफा तत्त्वावरचं असेल तर ‘फायनान्शियल असिस्टन्स’चा अर्ज मागा. पहिल्या बिलापासून २४० दिवस तो करता येतो आणि पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. हॉस्पिटलचं धोरण पर्यटकाला सामावतं का, ते तिथेच विचारा. रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सचं बिल वेगळं येतं. २०२२ पासून अनपेक्षित बिलांविरुद्ध जो कायदा लागू झाला त्यातही ती ॲम्ब्युलन्स वगळलेली आहे.

प्रश्न : आपल्याकडे पाच लाखांचं कार्ड आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाला हे का जमत नाही? आणि आम्ही सीमाभागातले. कर्नाटकचं कार्ड वापरायचं की महाराष्ट्राचं?
— एक वाचक, येळ्ळूर

तिथेही आहे, दोन तुकड्यांत. १९६५ साली ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड यांचा कायदा झाला. मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात आणि तिढा इथेच आहे. २०१० च्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत मिळकत असलेल्या सगळ्या प्रौढांना मेडिकेडमध्ये घ्यायचं ठरवलं. दंड वाचवणाऱ्या २०१२ च्या त्याच निकालात कोर्टाने हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं. चाळीस राज्यांनी घेतलं, दहांनी नाही.

ब्रिस्टल नावाचं गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्यावरून, स्टेट स्ट्रीटवरून, दोन राज्यांची हद्द जाते. एका फुटपाथवर व्हर्जिनिया, समोरच्या फुटपाथवर टेनेसी. व्हर्जिनियाने १ जानेवारी २०१९ पासून मेडिकेड वाढवलं, टेनेसीने नाही. त्यामुळे मूलबाळ नसलेला, अपंग नसलेला गरीब मजूर रस्त्याच्या एका बाजूला राहत असेल तर त्याला उपचार मोफत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. विमाबाजारातली सूटही नाही, कारण ती दारिद्र्यरेषेच्या वर सुरू होते आणि हा रेषेखाली. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या माणसांना हे फोड करून सांगायला नको.

आता तुमचं कार्ड. कर्नाटकच्या आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलवाल्यांना ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के रक्कम, वर्षाला दीड लाखांपर्यंत. क्रम पाळावा लागतो : आधी सरकारी दवाखाना, तालुक्याचा किंवा बेळगावात बिम्स. तो उपचार तिथे होत नसेल तर रेफरल चिठ्ठी, आणि ती घेऊन योजनेतलं खाजगी हॉस्पिटल. तातडीच्या वेळी चिठ्ठी लागत नाही. लोक आधी थेट खाजगीत भरती होतात, दुसऱ्या दिवशी कार्ड काढतात आणि मग चिठ्ठीसाठी धावाधाव होते. दुसरी अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, कन्नडमधून आलेल्या रेशनकार्डावर दुसरं. आजारपणात ते दुरुस्त होत नाही, आत्ताच करून ठेवा.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. कर्नाटक सरकारने त्याला जोरदार हरकत घेतली. कागदावर तुमचं गाव यादीत असलं तरी अडतं ते दाखल्यांवर. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी कोल्हापूर-मिरजेकडच्या योजनेतल्या हॉस्पिटलात जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गावाचं नाव, आधार आणि रेशनकार्ड दाखवा आणि मंजुरी आल्यावरच भरती व्हा. एका उपचाराचा दावा दोन्हीकडे करता येत नाही. हृदयविकारासारख्या तातडीत हा विचार सोडून जवळच्या हॉस्पिटलात कर्नाटकचं कार्ड दाखवावं. योजनेत कुठली हॉस्पिटलं आहेत ते आयुष्मानच्या १४५५५ या नंबरवर कळतं.

प्रश्न : मुलाने आम्हाला ग्रीनकार्ड करून दिलं. मेडिकेअर मिळेल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

लगेच नाही. पासष्टी पूर्ण आणि ग्रीनकार्डावर सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य झालं की विकत घेता येतं. तिथे नोकरी केलेली नसल्याने मेडिकेअरमधल्या हॉस्पिटलखर्चाच्या भागाचाही हप्ता पडेल. २०२५ चे दर : हॉस्पिटलसाठी महिना ५१८ डॉलर, डॉक्टरांसाठी १८५, प्रत्येकी. नोंदणीची खिडकी सात महिन्यांची असते, पात्र झालेला महिना, त्याआधीचे तीन, नंतरचे तीन. ती चुकवली तर डॉक्टरांच्या भागाचा हप्ता दर पूर्ण वर्षाच्या उशिरामागे १० टक्क्यांनी कायमचा चढतो. तोवर विमाबाजारातली पॉलिसी घ्यायची, ती नव्या ग्रीनकार्डानंतर ६० दिवसांत. मुलगा तुम्हाला करविवरणात अवलंबित दाखवणार असेल तर सूट त्याच्या मिळकतीवर ठरते आणि बहुधा मिळत नाही. मध्येच वर्षभर बेळगावला येऊन राहिलात तर सलग पाच वर्षांची मोजणी तुटू शकते.